न्हाणीघराची खिडकी

दवाखान्याच्या खाटेशी उभं राहून अहल्याबाईंनी ओल्या पंच्याने गौरीचे केस पुन्हा पुसले. खोबरेलाचा वास काही जाईना. काल संध्याकाळी त्यांनीच ते तेल सुनेच्या डोक्यावर जिरवलं होतं. सकाळी ती न्हायला गेली, आणि गॅस गिझरचा कोंडलेला वायू छातीत जाऊन आतच बेशुद्ध पडली.

“तेलाचा अंशही नको, आजी,” डॉ. इशिता म्हणाली. “हिला इंदूरला नेतोय, तिथे बंद चेंबरमध्ये दाबाखाली ऑक्सिजन देतात. तिथे तेल, नायलॉन, सगळं भडकतं.”

नायलॉनचा गाऊन आधीच उतरवला होता. गौरीच्या अंगावर आता भैरवगढची छापील सुती चादर होती. दारात अँब्युलन्स उभी होती आणि तिचा नवरा श्रीधर येरझाऱ्या घालत होता.

“मॅडम, गाडी कधीची तयार आहे. तुम्ही केस कसले पुसून घेताय?”

“बीपी सावरल्याशिवाय मी पेशंट हलवणार नाही.”

“और देर होने से कुछ हो गया तो? जिम्मेदार कौन?”

राग आला की श्रीधर हिंदीवर यायचा. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडून त्यांनाच दटावायचा, तेव्हाही.

“रस्त्यात काही होऊ नये म्हणूनच थांबलेय,” इशिता म्हणाली. “बाथरूमला खिडकी होती?”

“होती. उघडी होती.”

पंचा अहल्याबाईंच्या मुठीत आवळला गेला. पूर्वी अंगणात तांब्याचा बंब होता. भिंती काळ्या व्हायच्या, डोळे चुरचुरायचे, पण धूर आभाळात जायचा. श्रीधरने तो भंगारात काढला. मग थंडी येते म्हणून खिडकीला थर्माकोल लावलं, वर टेप मारली. त्यांनी ती ओरबाडून काढली. त्याने परत चिकटवली, वर हसून म्हणाला, ‘तू ना आई, पुराने जमाने की.’

“खोटं बोलतोय,” त्या म्हणाल्या. आवाज जराही चढला नाही. “टेप लावून बंद केली होती यानेच.”

“आई, आत्ता हे कशाला?”

“मग कधी सांगू? तेराव्याला?”

इशिताने मॉनिटरवरून नजर काढली.

“आत्ता घरी कोण आहे?”

“माझी नात, जयू. तिची शाळा दुपार...” अहल्याबाई बोलता बोलता थांबल्या. शाळेआधी जयू न्हायची.

श्रीधरने फोन कानाला लावलाच होता. रिंग वाजत राहिली. खोलीत फक्त व्हेंटिलेटरचा श्वास ऐकू येत होता.

“जयू? कुठे आहेस? नाही, नाही बेटा. आज नहाना मत. गिझर को हाथ भी मत लगाना.”

तिने दोनदा ‘हो’ म्हटल्यावरच त्याने फोन ठेवला.

बऱ्याच वेळाने बीपी सावरलं. स्ट्रेचर सावकाश गाडीत चढवलं. सोबत एकाच नातेवाइकाला जागा होती. श्रीधर पुढे झाला, तशी अहल्याबाईंनी दाराची दांडी धरली.

“तू घरी जा. आधी ती टेप काढ.”

तो बाजूला झाला. दार लागता लागता त्यांना त्याचा आवाज ऐकू आला. तो ड्रायव्हरला सांगत होता, “भैया, आराम से चलाना. जल्दी नहीं है.”

अहल्याबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. मुठीतला पंचा उलगडला आणि गौरीचे केस पुन्हा पुसायला घेतले.