मडगार्डाची कड

डोंगरातल्या त्रुचास गावातून खाली एस्पान्योला शहराला उतरणारा रस्ता एलॉय आर्चुलेताच्या अंगवळणी पडलेला. डोळे मिटून उतरेन, असं तो स्वतःच सांगत सुटायचा. पण त्या शनिवारी दुसऱ्याच वळणावर त्यानं कान टवकारले. मागच्या उजव्या चाकाकडून खर्रर्र आवाज आला. वळण सरलं तसा आवाजही थांबला.

मागच्या सीटवर त्याची लेक लिओनोर होती, तासाभरापूर्वीच चर्चमध्ये लग्न लागलेली. शेजारी नवरा रूबेन आणि करवली, तिघं दाटीवाटीनं. मागं वऱ्हाडाच्या गाड्यांची रांग, आणि रांगेत पहिला ट्रक एलॉयच्या थोरल्या भावाचा, फिडेलचा.

आवाज कशाचा हे एलॉयला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. गाडी एकोणसत्तर सालची शेव्हेल, पिकल्या चेरीसारखी लाल, आणि हौसेनं मुद्दाम खाली बसवलेली, इतकी की पोट रस्त्याला टेकेल की काय वाटावं. मागच्या टायरच्या रुंदीवरून दोघा भावांची चांगलीच जुंपली होती.

"दोनशे पंचाहत्तर मिलिमीटरचा घाल," फिडेल म्हणाला होता. "दोनशे पंच्याण्णवचा घातलास तर मडगार्डाला घासणार. आणि घालायचाच असेल तर आधी मडगार्डाची आतली कड ठोकून वर दुमडून घे."

"कड ठोकू? आणि रंग तडकला म्हणजे? नवाकोरा रंग आहे."

"मग रंगाशीच लाव पोरीचं लग्न."

"तू तुझा ट्रक सांभाळ. त्याला घोडागाडीची चाकं लावली तरी कुणी ढुंकून बघायचं नाही."

झालं. एलॉयनं दोनशे पंच्याण्णवचाच घातला आणि कड तशीच ठेवली. चाक आणि मडगार्डातली फट त्यानं मोजली ती गॅरेजात, रिकाम्या गाडीची. मग एकट्यानंच गावातून फेरी मारली. कुठं हूं नाही की चूं नाही. चाक मडगार्ड भरून बसलेलं, लोक वळून वळून बघत होते. माणूस फुगणार नाही तर काय करणार! पण अरे शहाण्या, मागं तीन धडधाकट माणसं बसली की गाडी आणखी खाली दबते, एवढं तरी डोक्यात यायला नको? नाही आलं. रंगापुढं अक्कल गहाण पडली होती.

तिसऱ्या वळणावर आवाज लांबला. रबर जळाल्याचा वास आला. "पुढं कुणीतरी कचरा जाळतंय वाटतं," एलॉय मोठ्यानं म्हणाला.

थांबावं, हे त्याला कळत होतं. पण थांबलं की फिडेल उतरणार, वाकून बघणार, आणि जे काही बोलेल ते एलॉयच्या मयतीपर्यंत गावात सांगितलं जाणार. सगळं वऱ्हाड बघणार. हळू घेऊ, सावकाश घेऊ, निघेल, असं तो मनाशी घोकत राहिला. डाव्या हाताला डोंगर आणि उजवीकडं सरळ दरी. घासणारं चाक दरीच्या बाजूचं. फुटलं तर गाडी तिकडंच ओढली जाणार.

त्यानं आरशात बघितलं. लिओनोर खिडकीबाहेर बघत होती. डोक्यावरच्या जाळीदार ओढणीचं टोक तिनं एका मुठीत धरलं होतं.

मग रस्त्यात खड्डा आला. गाडी आपटली आणि मागून धाडकन आवाज आला, पत्रा फाटल्यासारखा. गाडीचा मागचा भाग क्षणभर दरीकडं सरकला. अब्रू, फिडेल, वऱ्हाड, सगळं डोक्यातून उडालं. पुढं रस्त्याकडेला खडीची रुंद जागा दिसताच त्यानं गाडी तिथं घातली.

फिडेल उतरून आला आणि चाकाजवळ वाकला. टायरची बाहेरची कड सोलून निघाली होती. हातभर लांब पट्ट्यात आतले पांढरे दोरे उघडे पडले होते.

"हात लावू नकोस, तापलाय," एवढंच फिडेल म्हणाला. टोमणा नाही, काही नाही. त्यानं शिवी हासडली असती तर एलॉयला बरं वाटलं असतं. "पोरांनो, माझ्या ट्रकमध्ये बसा."

लिओनोर पांढरा झगा सावरत आली आणि टायरकडं बघत उभी राहिली.

"मला आवाज दुसऱ्या वळणापासून येत होता," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस गं?"

"महिनाभर तुझ्या तोंडात या गाडीशिवाय दुसरा विषय नव्हता, पपा. तुझं तोंड एवढंसं झालं असतं. मला नाही बघवलं."

"भीती नाही वाटली तुला?"

"वाटली ना. रूबेनचा हात बघ."

रूबेननं हात मागं घेतला, पण एलॉयला दिसलंच. मनगटावर लिओनोरची नखं रुतल्याच्या खुणा होत्या, आणि एका खुणेतून रक्त आलं होतं.

खालचा खरा उतार अजून पुढंच होता. तो थांबला नसता तर ही पोर तशीच, तोंड मिटून, बापाचं मन राखत त्याच्यामागं बसून राहिली असती. एलॉय तिथंच खडीवर बसला.