लॅपटॉपमधला धुरा

दोन वावरांच्या मधला बांध म्हणजे धुरा. राजुऱ्याच्या गुलाबभाऊंनी झाडीपट्टीच्या रंगभूमीला जेवढी नाटकं लिहून दिली, त्या सगळ्यांत सख्खे भाऊ या धुऱ्यावरून कुऱ्हाडी काढतात. यंदाच्या नाटकाचा तिसरा अंक घरच्या जुन्या लॅपटॉपमध्ये होता, आणि फक्त तिथंच होता.

नेमकं तेव्हाच लेक संघप्रिया म्हणाली, "बाबा, कॉलेजसाठी मले लिनक्स पायजे. तुमचं विंडोज राह्यते तसंच."

"एका घरात दोन चुली?"

"पेटते एका टायमाले एकच. फक्त डिस्कची वाटणी करा लागते."

वाटणी म्हटल्यावर गुलाबभाऊ सरसावून बसले. यातलं त्यांना कळत होतं. पडद्यावर आडवी पट्टी आली. डावीकडे विंडोज, उजवीकडे लिनक्स, मधे सरकणारी रेघ.

"हा धुरा काय?"

"तसाच समजा. निम्मा-निम्मा ठेवला. हात नका लावू, मी च्या मांडून येते."

ती चुलीकडे वळली आणि इकडे भाऊंचा हात आपोआप माउसवर गेला. रेघ जराशी उजवीकडे सरकली. मग आणखी जराशी. लेकीकडे टीचभर जागा उरली, तेव्हा भाऊंनी पुढचं बटण दाबून टाकलं. चहा येईपर्यंत वाटणी पक्की.

लिनक्स बसवून संघप्रिया शिबिराला हेमलकशाकडे गेली. तिचा फोन काही लागेना. भाऊंनी लॅपटॉप उघडला तर काळ्या पडद्यावर, कोणती चूल पेटवायची ते विचारत, दोन ओळी, एकाखाली एक. वाचायची गरजच काय? वाटणीत थोरल्याचं नाव पहिले. त्यांनी वरची ओळ दाबली.

उघडलं ते भलतंच. ना ओळखीचं चित्र, ना नाटक.

"गेला! पोरीनं माहा हिस्सा खाल्ला वो!"

त्यांची बायको अंजनाबाई शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमीच काई केलं असन."

भाऊंनी नाटक मंडळीच्या लच्छूला फोन लावला. "लच्छू, तिसरा अंक गेला."

"कुठी गेला?"

"लेकीच्या हिश्श्यात."

"मंग नवा लिवा ना भाऊ. तिसऱ्या अंकाले पब्लिक तसंही झोपून राह्यते."

हे मात्र भाऊंना झोंबलं. ते तिथंच, लेकीच्या हिश्श्यात, लिहायला बसले. आणि काय लिहिलं! कुऱ्हाड उगारलेला थोरला भाऊ ती खाली ठेवतो अन् कोरून हडपलेला धुरा परत देतो. वाचून दाखवलं तर अंजनाबाईंनी पदर डोळ्याला लावला. भाऊंनी ऐटीत सेव्ह दाबलं. पडद्यावर उत्तर आलं, जागा शिल्लक नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तेवढ्यात लाईन गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली, त्यामुळे अंकही गेला.

संघप्रिया परत आल्यावर तिने सगळं ऐकून घेतलं. "बाबा, वरची ओळ माही हाये. तुमची खाली."

"खाली? मी मोठा ना वं!"

"त्याले काय मालूम तुमी मोठे?"

तिने खालची ओळ दाबली. जुना तिसरा अंक जसाच्या तसा, कुऱ्हाडीसकट. भाऊंनी वाचला. आपलाच, तरी शिळ्या भाकरीसारखा लागला.

"नवा बेस होता," अंजनाबाई म्हणाल्या.

"मंग ठेवला काऊन नाई?" संघप्रियाने विचारलं.

"तुह्या हिश्श्यात जागाच नाई."

"कशी नाई? मी तं निम्मी ठेवली होती." तिने ती आडवी पट्टी पुन्हा उघडली आणि बराच वेळ पाहत राहिली. "बाबा, हा धुरा इतका कसा सरकला?"

भाऊंनी खिडकीबाहेर पाहिलं. "त्या दिवशी वारं लय होतं."

अंजनाबाईंनी एक शेंग सोलली. "हेच वाक्य द्या थोरल्या भावाच्या तोंडी. पब्लिक झोपत नाई मंग."

भाऊंनी चष्मा पुसला. कुऱ्हाडीचा प्रवेश खोडला आणि त्या जागी ते वाक्य टाइप केलं. पुढचं आपसूक आठवत गेलं. सेव्ह केलं, तेही झालं. इकडे जागा भरपूर होती.

"पोरी," मान वर न करता ते म्हणाले, "धुरा मांगं सरकवता येते काय?"

"येते. पन पहिले अंकाची कॉपी काढा," संघप्रिया म्हणाली. "वाऱ्याचा काई भरोसा नाई."