चौकापर्यंतची रेंज

कृष्णनाथांनी राउटर शोकेसमधून उचलला, त्याच्या दोन्ही शेंड्या वर केल्या आणि सुतळीने तो खिडकीच्या गजाला बांधायला घेतला. पहिली गाठ सुटली. दुसरी बसली, पण डबा गर्रकन फिरला आणि देवळाकडे पाठ करून लटकत राहिला.

"बघ, कसो पाठ फिरवन रवलो," ते म्हणाले. "हेका सगळा समाजता. मुद्दाम करता."

"तेका खयली पाठ नि खयला पोट!" देवकी म्हणाली. "तुमी आधी ती वायर ताणू नकात."

ती खिडकीखालीच वेताच्या खुर्चीत बसली होती. बसली होती म्हणजे सकाळी कृष्णनाथांनीच तिला दोन उशांच्या मध्ये नीट बसवलं होतं. भाद्रपदापासून तिला एवढंच जमत होतं.

गेले दोन महिने या डब्याने कृष्णनाथांच्या नाकी नऊ आणले होते. घर चिऱ्याचं, भिंती दीड हात जाड. एका खोलीतली रेंज दुसऱ्या खोलीत जायला तयार नाही. त्यात पाऊस आला की डबा लाल, माकडांनी वायरवर उडी मारली की लाल, आणि काहीच झालं नाही तरी लाल. तक्रार करायची तर बसस्टॉपपर्यंत चालत जायचं, कारण मोबाइलला या वाड्यावर रेंज नाही. मोप्याला विमानतळ झाला, विमानं कौलांवरून जायला लागली, पण टॉवर मात्र डोंगरापलीकडेच राहिला. बसस्टॉपवर उभं राहून फोन लावला की एक बाई गोड आवाजात थांबायला सांगायची आणि मग अर्धा तास सनई ऐकवायची. लग्न कुणाचं ते काही कळायचं नाही.

एरवी कृष्णनाथांनी तो डबा कधीच विहिरीत टाकला असता. पण सुविधा दिसायची ती त्याच्यातूनच.

सुविधा त्यांची एकुलती एक. पाच वर्षं झाली, ती इंग्लंडात म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात काम करत होती. तिथे कायमचं राहण्यासाठीचा तिचा अर्ज आता कुठे दाखल झाला होता. निकाल लागायला जानेवारी उजाडणार होता, आणि त्याआधी तिने देश सोडला तर अर्ज रद्द; पुन्हा पाय ठेवता येईल याची शाश्वती नाही. इकडे बांबोळीच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी कृष्णनाथांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, दसरा होईल, दिवाळीचं काही सांगता येत नाही. हे त्यांनी सुविधापासून लपवलं नाही. देवकीपासून लपवायला गेले, तर तिला ते आधीच ठाऊक होतं.

"माका ठरवूक येणा नाय, बाबा," सुविधा म्हणाली होती. "तुमी देवीक कौल लावा. ती येव म्हणाली तर त्याच दिवशी निघतलंय. पण माका बघूक होया. माज्या डोळ्यांनी."

म्हणून आजचा हा खटाटोप. सातेरीचं देऊळ रस्त्यापलीकडे, चाळीस पावलांवर. डबा खिडकीत बांधला तर देवळाच्या चौकापर्यंत, म्हणजे गाभाऱ्यासमोरच्या मंडपापर्यंत, रेंज जायची, हे कृष्णनाथांनी आदल्या दिवशी फोन हातात धरून पावलं मोजत पाहून ठेवलं होतं.

"लाल जालो तर ह्या बटण बंद करायचा," त्यांनी देवकीला तिसऱ्यांदा सांगितलं. "दहा अंक म्हणायचे. मगे सुरू."

"माका येतत दहा अंक," देवकी म्हणाली.

तिने आजवर सुविधाला एकदाही 'ये' म्हटलं नव्हतं. पण लेकीच्या खोलीतली गादी मात्र तिने या महिन्यात दोनदा उन्हात घालायला लावली होती.

देवळात सकाळची पूजा आटोपली होती. गाभाऱ्यात फोन न्यायची चाल नाही, पण दत्ताराम गुरवाने उंबऱ्यापर्यंत हरकत घेतली नाही. कृष्णनाथांचा मान होता तेवढा. बावीस वर्षं ते देवस्थानचे चिटणीस होते. ज्यांना कौलाला हजर राहता यायचं नाही ते त्यांनाच विचारायचे, देवीने काय दिलं? आणि ते सांगतील त्यावर लोकांनी सोयरिकी जुळवल्या होत्या, मोडल्या होत्या, भावाभावांनी बांधावरचं भांडण मिटवलं होतं. त्यांनी त्यात कधी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं.

पडद्यावर सुविधा आली. कामाचा निळा सदरा, विंचरलेले केस.

"बाबा, पायातला काढलंय," ती म्हणाली आणि तिने फोन खाली करून आपली अनवाणी पावलं दाखवली.

दत्तारामाने पंखा बंद केला. पाकळ्यांना वारा लागायला नको. ओल्या बोटाने त्याने पिटकोळीची एक लाल पाकळी देवीच्या उजव्या खांद्यावर चिकटवली, एक डाव्या. मग हात जोडून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा माये सातेरी, आज ह्यो तुजो कृष्णनाथ तुज्या पायाकडे उबो आसा. तेचा चेडू दूर देशात आसा, तेची घरकान्न आजारी आसा. चेडवान घरा येवचा तर उजवी दी. आसा थयच रवचा तर डावी दी. काय ता रोखठोक सांग, माये."

"होय महाराजा," कृष्णनाथ म्हणाले आणि त्यांनी फोन उंच धरला.

पाकळी कधी क्षणात पडते, कधी अर्धा तास लावते. कृष्णनाथांनी पडद्यावर नजर टाकली. सुविधा डोळे मिटून उभी होती. ती अजून डोळे का उघडत नाही असं त्यांना वाटलं, आणि मग लक्षात आलं की चित्रच अडकलं होतं. त्यांनी फोन हलवला, डावीकडे नेला, उजवीकडे नेला. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं.

"मेल्या डब्या," ते पुटपुटले. देवळात शिवी गेली.

त्याच वेळी उजव्या खांद्यावरची पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

"उजवी," दत्ताराम म्हणाला. "घेवा. एकदम मोकळी दिली." त्याने पंखा सुरू केला आणि खांद्यावरच्या पंच्याने मान पुसली.

कृष्णनाथांना इतका आनंद झाला की त्यांची त्यांनाच लाज वाटली. लेकीचा अर्ज बुडणार होता, पाच वर्षांचं काम पाण्यात जाणार होतं, आणि हे रस्ता ओलांडत होते ते जवळजवळ धावत. ती येणार होती. आई बोलती आहे तोवर येणार होती. तिसरं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं.

"उजवी!" त्यांनी दारातूनच सांगितलं.

देवकीने हात पुढे केला. पाकळी डोळ्यांना लावली आणि मुठीत धरली.

"राउटर गेल्लो," मग ती म्हणाली. "बंद करून परत सुरू केलंय. येता आता."

दिवा हिरवा झाला आणि फोन वाजायला लागला.

"माका द्या," देवकी म्हणाली.

त्यांनी दिला. ही बातमी आईनेच सांगायला हवी, त्यांना वाटलं.

"आई, काय जाला? माका कायच दिसाक नाय. काय दिलान देवीन?"

"डावी पडली गो बाय," देवकी म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता, भाजी कुठली केली ते सांगावं तसा. "थयच रव म्हणता ती."

सुविधाने फोन तोंडाजवळ आणला.

"बाबांक दी."

कृष्णनाथांनी फोन घेतला. चित्र स्वच्छ होतं. सुविधाच्या पापण्या हलत होत्या.

"बाबा, आई म्हणता ता खरा?"

त्यांनी देवकीकडे पाहिलं, मग फोनकडे.

"ऐकूक येणा नाय गो," ते म्हणाले. "हॅलो? रेंज गेली बघ. हॅलो?" आणि त्यांनी फोन बंद करून मेजावर पालथा घातला.

"सातेरीचा नाव घेवन खोटा बोललंस," कृष्णनाथ म्हणाले.

"बोललंय."

"देवीन उजवी दिली गो."

"देवीक चेडू नाय," देवकी म्हणाली.

देवकीला धाप लागली होती. ती ओसरेपर्यंत थांबून तिने पुढचं सांगितलं.

"माका काय ती येवक नको झाली? माजो जीव तिच्यातच अडाकलो आसा. पण पाच वर्सां लोकांची म्हातारी न्हाणयली, पुसली, तेव्हा खय तिचे कागद थयल्या सायबाच्या मेजार गेले. हय येवन ती काय बघतली? माज्या पाठी बाराव्या दिवसापर्यंत रवतली. नि मगे? जन्मभर तुमका पेज करून घालीत बसतली ह्या घरात?"

"पण माका विचारल्यान तर मी काय सांगू?"

"ता तुमचा तुमी बघा. मी माजा सांगलंय."

संध्याकाळी फोन दोनदा वाजला; कृष्णनाथांनी तो पालथाच राहू दिला. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर महेश आला. हा आजऱ्याकडचा, पंधरा वर्षं इथे केबलचं काम करून पेडण्यातला एकूण एक खांब त्याला तोंडपाठ झाला होता. आठ तक्रारींनंतर त्याला वेळ मिळाला म्हणून कृष्णनाथांनी त्याला चार शब्द सुनवायचे ठरवले होते, पण आज त्यांच्यात तेवढाही जोर नव्हता. तो शिडी लावून फणसाजवळच्या खांबावर चढला, अर्ध्या तासाने उतरला आणि हातपाय धुऊन चहाला बसला.

"जोड खराब हुता काका. पाणी शिरत हुतं. नवीन मारलाय, आता बघा कसं पळतंय. दिवाळीपर्यंत काय, शिमग्यापर्यंत बघायला नको."

"काल सकाळीय तोच त्रास?"

महेशने आपला फोन डब्याला जोडला आणि त्यावर लाइनची नोंद वर-खाली करून पाहिली.

"न्हाई, कालचं येगळं. काल सकाळभर लाइन ब्येस हुती. अकरा बावीसला डबाच बंद झालाय. करंटच न्हाई म्हणतोय. सहा मिनिटं." त्याने मान वर केली. "करंट गेलता काय तुमच्याकडं?"

देवळाची आणि घराची वीज एकाच खांबावरून येते. कृष्णनाथांना दत्तारामाने पंखा सुरू केलेला आठवला. तो लगेच फिरला होता.

त्यांनी देवकीकडे पाहिलं. ती कालच्याच जागी बसली होती, बटणापासून वीतभर अंतरावर. तिने नजर चुकवली नाही. पाकळी पडायच्या आधीच, गाऱ्हाणं चालू असतानाच तिने बटण दाबलं होतं. देवी उजवी देते की डावी, हे पाहायलाही ती थांबली नव्हती.

"होय," कृष्णनाथ महेशला म्हणाले. "गेल्लो करंट. पाच-सात मिनिटां."

"मग बराबर हाय." महेशने बशी खाली ठेवली. "कुणाला तरी व्हिडिओ लावून बघा काका, माझ्यासमोर. परत म्हणाल, आला नि तसाच गेला."

लावायची गरजच पडली नाही. फोन वाजला. तिकडे जेवणाची सुट्टी झाली होती. महेश सामान आवरायला बाहेर बलकांवात, पुढच्या ओसरीवर गेला.

इतकं स्पष्ट चित्र त्या घरात कधी आलं नव्हतं. सुविधाच्या सदऱ्याच्या खिशाला लागलेला शाईचा डाग दिसत होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसत होती. ती रात्रभर झोपली नव्हती हे विचारायची गरज नव्हती.

"बाबा, ऐकूक येता?"

"येता गो."

"सारका?"

"अगदी सारका."

"तिकिटाचा सगळा भरून ठेवलंय. फक्त बटण दाबूचा आसा," ती म्हणाली. "आई माका नको म्हणतलीच, ता माका ठावक आसा. तुमी देवीचा खोटा सांगूचे नाय. तुमच्या तोंडान सांगा."

कृष्णनाथांनी घसा साफ केला. तेवढ्यात काही बिघडेल म्हणून ते थांबले. काही बिघडलं नाही. बाहेर महेश शिडी दुमडत होता त्याचा आवाज आला.

"डावी," ते म्हणाले.

सुविधा वाट पाहत राहिली.

"डावीच पडली, बाय. मी बघलंय. माज्या डोळ्यांदेखत."

"बरा," सुविधा म्हणाली. मग तिने दोनदा मान हलवली, कामावर कुणी काही सांगितल्यावर हलवावी तशी. "आईक दाखयात."

त्यांनी फोन वळवला. देवकीने पदर सारखा केला आणि चेहरा हसरा ठेवला.

"जेवलंस गो?" तिने विचारलं.

सुविधाने पालथ्या हाताने तोंड दाबून धरलं. तिला रडायचं नव्हतं, आणि फोन ठेवायचाही नव्हता. आईचा चेहरा जेवढा वेळ दिसेल तेवढा तिला पाहायचा होता. देवकी तशीच हसत होती. मांडीवरच्या हाताने मात्र तिने पदराचं टोक पिळून धरलं होतं, आणि तो हात चित्राच्या चौकटीबाहेर राहील अशी काळजी कृष्णनाथ घेत होते.

दुसऱ्या कुठल्याही दिवशी एव्हाना चित्र अडकलं असतं. चेहऱ्याचे चौकोन झाले असते, आवाज तुटला असता, आणि तिघांनीही त्या डब्याला शिव्या घालून सुटका करून घेतली असती. फोन धरलेला हात भरून आला तरी कृष्णनाथ खिडकीच्या गजाकडे बघत राहिले. एकदा लाल हो, ते मनात म्हणाले. एकदाच.

दिवा हिरवाच राहिला, आणि सुविधाची सुट्टी संपायला अजून वीस मिनिटं होती.