घाऱ्या डोळ्यांची बाई

"फोटो काढायला मी नाय यायचो," हरिश्चंद्रने पायात घातलेली चप्पल पुन्हा काढून ठेवली. "तुमी मायलेकी जा. माझं बघून झालंय इस्तंबूल."

मृणाली गाडीची किल्ली हातात धरून घरापुढच्या खळ्यात तशीच उभी राहिली. कंपनीच्या कामासाठी ती इस्तंबूलला जाणार होती, आणि आईबाबांना बरोबर नेऊन काम आटोपल्यावर शहर दाखवायचा तिचा बेत होता. व्हिसासाठी फोटो हवे होते, म्हणून ती सुट्टी काढून मुंबईहून आंजर्ल्याला आली होती.

पदराला हात पुसत तिची आई संध्या नवऱ्याकडे बघत राहिली. परवा गुडघ्याचं कारण झालं, काल विमानाच्या भीतीचं. जहाज पकडायला जो माणूस विमानाने कुठे कुठे जाऊन आला, त्याला आता म्हातारपणी विमानाची भीती? तिच्या मनात पाल चुकचुकली.

संध्या गावच्या अंगणवाडीत सेविका होती. मुंबईच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. पण शाळेत असताना वाचनालयातून एक अनुवादित कादंबरी हाती आली, कव्हर फाटलेली, आणि त्यातल्या इस्तंबूलने तिला जे धरलं ते सोडलंच नाही. मग त्या शहराचं नाव असलेलं मिळेल ते पुस्तक तिने वाचून काढलं. स्थळ सांगून आलं तेव्हा मुलगा जहाजावर इंजिनखात्यात आहे एवढंच कळलं होतं. चहाचा कप पुढे करताना तिने हळूच विचारलं होतं, "इस्तंबूलला जाता का हो?"

"जातो की," हरिश्चंद्र म्हणाला होता. तिने होकार दिला.

दर सुट्टीत तो त्या शहराच्या गोष्टी आणायचा. पहाटेचे घुमट, होड्यांच्या मागे लागलेले समुद्रपक्षी, चढणीच्या गल्ल्या, आणि एका गल्लीत जुन्या पुस्तकांचं दुकान. ते दुकान चालवणाऱ्या घाऱ्या डोळ्यांच्या बाईने त्याला चहा पाजला होता म्हणे. ही बाई संध्याची फार आवडती. कितीदा तरी तिने ती गोष्ट मागून ऐकली होती.

आता तीच बाई तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

संध्याकाळी मृणालीने फोनवर नकाशा उघडला. "बाबा, ते दुकान कुठल्या गल्लीत होतं? आईला आधी तिथेच नेते."

हरिश्चंद्रने चष्मा वर-खाली केला. "आता सगळं बदललं असेल गो," म्हणाला आणि पोफळींना पाणी लावायला उठला. पाणी सकाळीच लावून झालं होतं.

असं काय आहे त्या गल्लीत, जिथे बायकोला घेऊन जायला नको? संध्या भांडी घासत राहिली, पण हात कुठे नि चित्त कुठे. इतकी वर्षं आपण कौतुकाने जिची चौकशी केली, ती कोण होती?

दुसऱ्या दिवशी सुकी मासळी आणते असं सांगून ती हर्णैला गेली. हरिश्चंद्रबरोबर एकाच जहाजावर काम केलेला धोंडू तिथे राहत असे. तो ओट्यावर जाळं शिवत बसला होता.

"वहिनी, तुमी? बसा, बसा."

संध्या बसली. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग तिने विचारलंच, "भावजी, खरं सांगा. इस्तंबूलला यांची कोण बाई होती?"

धोंडूच्या हातातली सुई थांबली. मग तो मोठ्याने हसला. "बाई? अवो, तिथे उतरलाय कोण? माल काळ्या समुद्रातल्या बंदराचा. इस्तंबूल वाटेत लागायचं. कधी नांगर टाकून थांबायचो, पण किनाऱ्यावर सोडत नसत. आमी कोणच कधी उतरलो नाय."

"हेसुद्धा?"

"तोसुद्धा. पण ते शहर आलं ना, की हा ड्युटी संपवून झोपायचा नाय. अंगाला तेल, तोंडाला काजळी, तसाच कठड्याला उभा. मी म्हणायचो, मेल्या, झोप की. तर म्हणायचा, घरी सांगायचंय, नीट बघून घेतो."

मासळी घ्यायची विसरून संध्या परत निघाली. खाडीच्या पुलावर ती थांबली. घुमट खरे, पक्षी खरे. गल्ल्या? त्या तर तिनेच सुट्टीत त्याला वाचून दाखवलेल्या पुस्तकांतल्या. आणि घाऱ्या डोळ्यांची ती बाई तिनेच त्याला कधीतरी सांगितलेल्या त्या पहिल्या, कव्हर फाटलेल्या कादंबरीतली. तिचंच तिला त्याने परत आणून दिलं होतं आणि तिला ओळखूही आलं नव्हतं. संशय फिटला, पण सुटल्यासारखं वाटेना. राग आला. अर्धं शहर बुडालं होतं. आणि रागाच्या मधेच तो तेलकट माणूस कठड्याला उभा राहिलेला दिसत होता.

घरी हरिश्चंद्र दारातच होता. "मासळी कुठाय?"

"चांगली नव्हती."

"धोंडू भेटला काय?" त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. "काय बोलला?"

"काय बोलणार? गुडघे दुखतात म्हणाला. तुमच्यासारखेच." ती आत गेली आणि मृणालीला म्हणाली, "यांनी सगळं बघितलंय. आपण दोघीच जाऊ."

त्यानंतर जायच्या दिवसापर्यंत तो तिच्याकडे चोरून बघत होता. हिला कळलंय की नाही, याचा त्याला अंदाज लागेना. तिने लागू दिला नाही.

इस्तंबूलच्या त्या प्रवासी बोटीवर वारा असा होता की संध्याला डोक्यावरून शाल घट्ट धरावी लागली. बोट मध्यावर आली तेव्हा तिने मृणालीकडून हरिश्चंद्रला व्हिडिओ फोन लावून घेतला आणि कॅमेरा किनाऱ्याकडे धरला. घुमट, मनोरे, पाण्यावर घिरट्या घालणारे पक्षी.



"दिसतंय का?" तिने विचारलं.

"हेच," हरिश्चंद्र म्हणाला. "हेच गो. अस्संच दिसायचं."

"तुमी सांगितलं होतं तसंच आहे."

बोट धक्क्याला टेकली. दोर टाकले गेले, उतरायची फळी लागली, माणसं उतरू लागली. आईला फोन ठेवायचा असेल म्हणून मृणालीने हात पुढे केला. संध्याने मान हलवली. फोन तिने छातीशी, कॅमेरा पुढे करून धरला.

"चला," ती म्हणाली, "उतरू या."



"सावकाश गो," फोनमधून तो म्हणाला. "फळी ओली दिसते."