उशिरा बोलणारी डबी

याम्बोल शहरात स्त्राहिलला ओळखत नाही असा माणूस भेटला, तर समजावं की तो कालच बसमधून उतरलाय. चाळीस वर्षं या माणसानं लोकांच्या लग्नांत अकॉर्डियन वाजवला. त्यातली निम्मी जोडपी आता एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण स्त्राहिलनं त्या दिवशी काय वाजवलं होतं ते दोघांनाही आठवतं. त्याची बायको दोन्का हे मोठ्या अभिमानानं सांगायची आणि लगेच पुढं जोडायची, "घरात मात्र साधा बल्ब बदलता येत नाही मेल्याला."

जानेवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला. छोटासाच, डॉक्टर म्हणाले. उजव्या हाताची बोटं पंधरा दिवस बधिर होती, मग एकेक करून जागी झाली. मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, "हात बरा आहे. वाजवा खुशाल." स्त्राहिलनं ऐकून घेतलं, पण विश्वास काही बसला नाही. कप उचलतानासुद्धा तो स्वतःच्या बोटांकडं असा बघायचा, जणू ती शेजाऱ्याकडून उसनी आणलीत.

आणि इकडं मे महिना जवळ आलेला. रालित्साची, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक नातीची, बारावी संपत होती. आमच्याकडं शाळेच्या निरोपाच्या दिवशी मुलगी नवा झगा घालून घराबाहेर पडते, सगळी इमारत खाली अंगणात उतरते आणि पोरीला वाजतगाजत निरोप देते. घरात वाजवणारा आजोबा असताना तिथं दुसऱ्या कुणी वाजवायचं म्हणजे आजोबा असून नसल्यासारखाच. रालित्सा पाच वर्षांची असताना त्यानं तिला शब्द दिला होता, की तुला दारातून मी बाहेर काढणार.

पण साथीला होतं कोण? ढोलवाला दोन वर्षांपूर्वी देवाघरी गेला, क्लॅरिनेटवाला स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी खुडतोय. शेवटी पोरीनंच तोड काढली. आपला जुना टॅबलेट तिनं आजोबासमोर ठेवला.

"हे बघ आजोबा, यात ढोल आहे, बास आहे, क्लॅरिनेटही आहे. पगार कुणीच मागत नाही."

"आणि दारू पिऊन मधेच झोपतही नाहीत," दोन्का म्हणाली.

स्त्राहिलच्या अकॉर्डियनमध्ये एका कारागिरानं वीस वर्षांपूर्वी तारा बसवून दिल्या होत्या. भाता बंद ठेवून पट्ट्या दाबल्या की अकॉर्डियन मुका राहतो, पण एका जाड केबलमधून 'हा स्वर दाबला, हा सोडला' एवढा निरोप बाहेर जातो. टॅबलेटनं तो निरोप ऐकून क्लॅरिनेट वाजवायचं. आता त्या केबलचं पाच टाचण्यांचं तोंड टॅबलेटच्या एवढ्याशा भोकात जाणार कसं? मधे एक डबी लागते. दुकानात तिला इंटरफेस म्हणतात, दोन्का पहिल्यापासून डबीच म्हणाली.

अकॉर्डियन आणि टॅबलेट घेऊन दोघं बसनं शेजारच्या स्लिवेन शहरात ओग्नियानच्या वाद्यांच्या दुकानात गेले. ओग्नियान पन्नाशीचा, केसांची शेंडी बांधणारा, एके काळी हॉटेलांतून बास गिटार वाजवलेला सज्जन माणूस. त्यानं एक जुनी, वापरलेली डबी काढली.

"एकशेवीस लेवा. स्वस्त आहे, पण ही मूळची संगणकासाठी केलेली. टॅबलेटवर चालते, तरी वाजवून बघा, उस्ताद. जरा जलद काहीतरी वाजवा."

"आल्या आल्या नाच? सर्कशीतलं अस्वल आहे का मी?"

स्त्राहिलचं बरोबरच होतं म्हणा. आमच्याकडं वाजवणारा माणूस नाचापासून सुरुवात करतच नाही. आधी माणसं टेबलाशी बसतात, सॅलड आणि राकियाची दारू येते, तेव्हा बैठकीचं संथ गाणं. नाच मांसाच्या ताटांनंतर. दुकान असलं म्हणून काय झालं? त्यानं संथ गाणं धरलं. असं संथ, की एका स्वरापासून दुसऱ्या स्वरापर्यंत माणूस सिगारेट ओढून येईल. बासरी घ्यायला आलेली एक बाई डोळे पुसू लागली, दोन्कानंही नाक पुसलं, ओग्नियानही जलद वाजवायचा आग्रह विसरला. स्त्राहिलनं डबी हातात तोलून बघितली. चांगली जड होती. जड म्हणजे मजबूत, हा त्याचा जन्माचा सिद्धांत, त्यामुळं व्यवहार तिथंच झाला.

घरी आल्यावर तो कानांवर हेडफोन चढवून आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता.

"संपलं, दोन्का."

"काय संपलं? बॅटरी?"

"मी संपलो. संथ गाण्यात लपून गेलं. नाच धरला आणि उघडं पडलं सगळं. मी पट्टी दाबतो नि स्वर मागून येतो. बोटं उशिरा पोहोचतायत. डॉक्टर खोटं बोलला."

"अरे, नवीन यंत्र आहे, सवय नसेल..."

"चाळीस वर्षं मी माझ्या बोटांबरोबर राहिलोय. मला कळतं. सगळ्या इमारतीसमोर, त्या पोरीसमोर, मी लंगडणार नाही."

त्यानं रालित्साला फोन करून सांगितलं, स्पीकर भाड्यानं आण, रेकॉर्ड लाव. ती "बरं आजोबा" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यानं अकॉर्डियन मऊ फडक्यानं पुसला, पेटीत ठेवला आणि कड्या लावल्या.

"डबी परत करायला जाऊ तेव्हा हाही नेऊ. ओग्नियान विकून देईल कुणाला तरी."

चाळीस वर्षं दोन्कानं त्या अकॉर्डियनला सवत म्हटलं होतं. तिच्या बाळंतपणात नवरा कुठं होता? सवतीबरोबर, कुणाच्या तरी लग्नात. हजारदा ती म्हणाली असेल, एक दिवस हिला खिडकीतून फेकून देते. आणि आता सवत स्वतःहून घराबाहेर चालली, तर ही बाई मोरीत नळ सोडून रडत होती. नवऱ्याशिवाय घर चालवायची तिला सवय होती, पण घरात असलेला आणि गप्प बसलेला नवरा तिला बघवेना.

पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी दुपारी ती घेवड्याचं सूप ढवळत होती आणि स्त्राहिल टेबलाशी वाट बघत बसला होता. मागून टकटक ऐकू आलं. तिनं वळून बघितलं. त्याची नजर खिडकीबाहेर, मन कुठं तरी लांब, आणि उजव्या हाताची बोटं टेबलावर रचेनित्सा वाजवत होती. दोन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. आमच्या नाचांतला सगळ्यात अवखळ ताल, आणि एक बोट चुकेल तर शपथ! डाव हातात धरून दोन्का मोजत राहिली. एकही ठोका मागं पडला नाही.

तिनं वळून पुन्हा सूप ढवळायला घेतलं. सांगितलं असतं तर त्यानं हात खिशात घातला असता आणि वर भांडण केलं असतं. या माणसाला सांगून काही पटत नाही, दाखवावं लागतं, हे ती लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच शिकली होती.

"उद्या जाऊ या स्लिवेनला," सूप वाढत ती म्हणाली. "दोन्ही देऊन टाकू. टॅबलेटही घे, ओग्नियानला दाखवू."

बाजारातून मिरच्या आणायच्या ढकलगाडीत अकॉर्डियन बांधून दोघं निघाले. ओग्नियाननं डबी बघितली, अकॉर्डियन बघितला, स्त्राहिलचं तोंड बघितलं आणि खुर्ची पुढं सरकवली.

"विकायचाय," स्त्राहिल म्हणाला.

"विकायचाय ना, मग वाजवून दाखव," दोन्का म्हणाली. "मुकी वस्तू कोण घेतं? ओग्नियान, आमचीच डबी लाव. आवाज त्या मोठ्या स्पीकरवर सोड. आणि तू रचेनित्सा वाजव."

"दोन्का, माझी शोभा करू नकोस."

"कुणासमोर? या गिटारींसमोर? वाजव म्हणते ना!"

तिनं पिशवी खाली ठेवली, बाहीतला रुमाल काढला आणि दोन कीबोर्डांच्या मधल्या बोळात उभी राहिली. वय चौसष्ट, गुडघे असे की फुकट दिले तरी कुणी घेणार नाही. स्त्राहिलनं नाइलाजानं पट्ट्यांवर बोटं ठेवली. भाता बंद, स्पीकरमधून क्लॅरिनेट. दोन्का नाचू लागली. चार पावलांतच ताल फाटला. पाऊल पुढं, क्लॅरिनेट मागं.

"बघितलंस? झालं समाधान?" तो ओरडला.

"थांबू नकोस! माझ्याकडं बघ. मी त्या स्पीकरचं ऐकतच नाहीये. मी तुझी बोटं बघून नाचतेय." तिला धाप लागली होती, पण पाऊल पडत होतं, त्याच्या प्रत्येक बोटाबरोबर एक. "आता भाता उघड."

"काय?"

"भाता उघड, गाढवा!"

त्यानं भाता उघडला. अकॉर्डियनचा स्वतःचा, धातूच्या पात्यांचा भरदार आवाज दुकानात घुमला, आणि त्याच्या मागोमाग, अर्ध्या पावलाच्या अंतरानं, टॅबलेटचं क्लॅरिनेट तेच स्वर वाजवत धावत आलं. दोन आवाज स्वच्छ वेगळे ऐकू येत होते. पुढचा दोन्काच्या पावलांवर बरोब्बर पडत होता.

स्त्राहिल थांबला. क्लॅरिनेट त्याच्यानंतर थांबलं.

"उशीर डबीला होतो रे," दोन्का म्हणाली. "ती उशिरा बोलते. तुझा हात वेळेवर आहे."

"म्हणून तर म्हटलं होतं, जलद वाजवा," ओग्नियान हळूच पुटपुटला.

स्त्राहिलनं उजवा हात डोळ्यांसमोर धरला. "म्हणजे हा ठीक आहे?" त्यानं विचारलं, आणि त्याचा आवाज असा झाला की ओग्नियान उगाच केबलींचा गुंता सोडवायला खाली वाकला.

"ठीक आहे. माझं सोनं, ठीक आहे," ती म्हणाली, आणि त्याच रुमालानं तिनं त्याचं तोंड पुसलं. "आठवडाभर जीव खाल्लास माझा."

मग खरी निवड सुरू झाली, आणि तीही दोन्काच्या पायांवर. ओग्नियाननं चकचकीत, आठ भोकांची डबी लावली. पाऊल आणि क्लॅरिनेट एकत्र पडलं, पण किंमत ऐकून दोन्का नाचता नाचता थबकली. मग त्यानं साबणाच्या वडीएवढी एक डबी काढली. त्यात पाच टाचण्यांच्या केबलचं भोक, एका माइकचं, स्पीकरचं, आणि वाजवताना टॅबलेट चार्ज करायची सोय. बस्स. स्त्राहिलनं ती हातात घेतली, हलकी बघून नाक मुरडलं.

"हिच्यात काही आहे का आत?"

"तू वाजव. वजन मी बघते," दोन्का म्हणाली.

त्यानं वाजवलं. तिचं पाऊल आणि क्लॅरिनेट असं एकात एक बसलं की ओग्नियाननं टाळी धरली. तिनं मुद्दाम गिरकी घेतली, त्याला दम लागेल असा वेग मागितला, तरी डबी तसूभर मागं राहिली नाही. जुनीचे पैसे वळते करून पंचेचाळीस लेवा वर द्यावे लागले. अकॉर्डियन विकायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

रालित्साला फोन लावला तो दोन्कानं, कारण नवरा वाजवणं थांबवत नव्हता.

"स्पीकरवाल्याला नको म्हणून सांग, पोरी."

"आजी, मागं कोण वाजवतंय?"

"कोण म्हणजे? तुझा म्हातारा. तिसऱ्यांदा रचेनित्सा चाललीय, थांब म्हटलं तर ऐकत नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आजी, मग ते उंच टाचांचे बूट मला आजच बदलून आणायला हवेत," रालित्सा म्हणाली. "त्यांत नुसतं चालता येतं."