सतराव्या ओळीतलं शेत

"आत्या, तू स्वतः कधी काही शोधलंयस का गं?"

हा प्रश्न माझा नाही हं! मैत्रिणींनी पैज लावली होती. माझी आत्या जैवतंत्रज्ञानाच्या एका त्रैमासिकाची संपादक आहे, आणि त्यात नवे शोध छापतच नाहीत. इतरांचे शेकडो प्रयोग वाचून, कुठे काय कळलं आणि कुठे घोळ आहे हे सांगणारे लांबलचक आढावे छापतात. "म्हणजे दुसऱ्यांच्या वह्या बघून निबंध!" असं आमची टोळी म्हणाली. विचारायची हिंमत फक्त माझ्यात होती. हल्ली ती माझ्यात फारच आलीये.

आत्याने चष्म्यावरून पाहिलं. "एकदा तुझ्या आजोबांची कवळी शोधली होती. तेवढंच."

मग तिने माझ्यापुढे कागदांचा गठ्ठा सरकवला. "आलीच आहेस तर बस. माझ्या अकरा वर्षांपूर्वीच्या आढाव्यातला तक्ता नव्या अंकात परत घेतोय. नमुन्याला वीस ओळी तपासायच्या. तू मूळ लेखातला आकडा वाच, मी टिक करते."

खारट जमिनीत बी रुजावं म्हणून त्याला जिवाणूंचा लेप देतात, त्याचा तक्ता होता. किती टक्के बी रुजलं त्याचे दोन रकाने: प्रयोगशाळा आणि शेत. मी बातम्या देतात तशी खणखणीत वाचत सुटले. सतराव्या ओळीला आत्या तक्त्यात बघून म्हणाली, "शेत, बहात्तर टक्के."

"बहात्तर बरोबर. पण आत्या, शेत कुठंय? इथे बिया काचेच्या बशीत ओल्या कागदावर ठेवल्यात. फोटोपण आहे."

"दे इकडे."

तिने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं. "खरंच की गं. शेतच नाहीये यात."

तिने कॉम्प्युटरवर शोधलं. तिच्या तक्त्यावरून हा आकडा एकतीस लेखांनी उचलला होता, शेतासकट. एकाने तर त्यावरून एकरी किती बी पेरावं तेही सांगून टाकलं होतं.

शेजारच्या टेबलावर मुद्रितं तपासणारे काका बसतात. एका स्वल्पविरामासाठी दोन दिवस भांडतात, म्हणून सगळे त्यांना स्वल्पविरामच म्हणतात. ते हळूच म्हणाले, "ताई, नव्या तक्त्यात आकडा मुकाट्याने दुसऱ्या रकान्यात सरकवू. कोण बघतंय?"

"आणि या एकतीस जणांना कोण सांगणार?"

"अहो, तुमचं नाव आहे त्यावर! त्या आढाव्यावर आपलं त्रैमासिक उभं राहिलं."

"म्हणून तर कुणी मूळ लेख उघडला नाही."

तिने तिथल्या तिथे चार ओळींची दुरुस्ती लिहिली, पहिल्या पानावर छापायला. काकांनी सुचवलं, "'चूक राहून गेली' असं लिहूया का?"

"आपली आपण राहिली का ती? मी ठेवली. 'ही चूक माझी आहे' असंच जाऊ दे."

मग तिने त्या पेरणीवाल्या लेखकाला फोन लावला. तो इतका तापला की मला इथवर ऐकू येत होतं. आत्याचे कान लाल झाले, पण ती एवढंच म्हणत राहिली, "हो. बरोबर आहे तुमचं. चूक माझीच." मी असते तर तीन दिवस पलंगाखालून बाहेर आले नसते. एवढं धाडस मी आमच्या घरात कुणाचंच पाहिलं नव्हतं, आणि बाबा तर पाली हातांनी पकडतात!

फोन ठेवून ती म्हणाली, "आता उरलेल्या दोनशे चौदा ओळी बघायच्या. पहिल्या सोळाही पुन्हा, त्यात आपण नुसते आकडे पाहिले. अंक नऊ दिवसांनी छपाईला जातोय."

"तू एकटी?"

"एकटीने होत नाही गं. वाचणारा एक, टिक करणारा दुसरा. अकरा वर्षांपूर्वी घाईत मी दोन्ही एकटीनेच केलं होतं." काका अंकाच्या पानांत गळ्यापर्यंत बुडालेले. तिसरं माणूस त्या खोलीत मीच होते.

घरी आले तर आई बॅगा भरत होती आणि बाबा समुद्रावरच्या हॉटेलशी फोनवर खोलीसाठी हुज्जत घालत होते.

"बाबा, ठेवा तो फोन. आई, तूही बस. माझे कपडे बाहेर काढ. मी उद्या तुमच्याबरोबर येत नाहीये. नऊ दिवस आत्याच्या ऑफिसात बसणार आहे. वाचणारी मी आहे."