तीन वेढे

शलाका गिर्यारोहण क्लबात आली ती कडे चढायला नव्हे, अक्षयला खोट्यात पकडायला.

गेल्या थंडीत चामटोलीमागच्या कातळावर तिचा धाकटा भाऊ प्रज्वल डोकं आपटून बेशुद्ध झाला आणि दोराला लोंबकळत राहिला. खाली दोर धरून अक्षय होता. त्याचं म्हणणं असं, की दोर झाडाच्या बुंध्याला अडकवून त्याने स्वतःला मोकळं केलं आणि तो गावात मदतीला धावला. माणसं घेऊन परतला, तेव्हा प्रज्वल पंधरा फूट खालच्या टप्प्यावर पडलेला, मांडीचं हाड मोडून. हेंद्रेपाड्यातल्या तिच्या घरात तेव्हापासून सगळ्यांना एकच शंका : पोरगा घाबरला, दोर सोडून पळाला आणि गोष्ट मागाहून रचली. प्रज्वलला हे पटत नव्हतं. येत्या रविवारी तो पुन्हा अक्षयच्याच हाती दोर देऊन चढणार होता. त्याआधी शलाकाला खरं काय ते हवं होतं.

म्हणून ती आज त्याच कातळाखाली उभी होती; अक्षयही होता. अडचणीत दोर धरणाऱ्याने आपली सुटका कशी करायची, हे क्लबच्या प्रशिक्षक तेजलताई सकाळपासून शिकवत होत्या. वाळूची गोणी वर टांगलेली. तिचा भार अंगावर घेतलेल्याने आधी दोराला गाठ मारून हात मोकळे करायचे, मग दोरावर बारीक दोरीचे वेढे घालून, तिचं टोक झाडाला बांधून भार झाडावर द्यायचा आणि बाजूला व्हायचं. शलाकाला ते नऊ मिनिटांत जमलं. म्हणजे अक्षयलाही जमलं असतं. पण जमलं असतं म्हणजे केलं होतं, असं थोडंच आहे?

"गोणी नको, मला टांगा," ती म्हणाली. "दोर अक्षय धरेल."

"का गं, गोणीने काय केलं?" तेजलताईंनी विचारलं.

"गोणीला डोळे नाहीत."

अक्षय कसनुसं हसला. "शलाकाताई, बेशुद्ध माणसाचे डोळे मिटलेले असतात."

"मी बेशुद्ध नाहीये. तू कर, मी बघते."

दहा फुटांवर लोंबकळत ती त्याचे हात बघू लागली. गाठ बसली. हात सुटले. ती तसूभरही हलली नाही. या पोराला येत होतं तर! त्याने कमरेची कोरी दोरी काढून दोरावर गुंडाळली आणि तिचं टोक झाडाला बांधलं.

"तीनच वेढे?"

"मला तीन पुरतात, ताई."

त्याने भार हळूहळू त्या दोरीवर सोडला. क्षणभर काही झालं नाही. मग नव्या, गुळगुळीत दोरीचे वेढे दोरावरून सरकले आणि शलाका सरसर खाली आली. हातभर. लगेच दोर ताणला गेला आणि ती थांबली. तेजलताईंनी मूळ दोर झाडाला आणखी एका गाठीने बांधून ठेवला होता.

"नव्या दोरीला पाच, हे सकाळीच सांगितलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि ही जादा गाठ तुझी कुठे आहे, अक्षय?"

अक्षयने सरकलेले वेढे बोटाने मोजले.

"त्या दिवशीही दोरी नवीच होती," तो म्हणाला. "आदल्या दिवशी घेतलेली. तीनच वेढे घातले. जादा गाठ... नव्हती मारली."

शलाकाने त्याला नीट निरखलं. आता कळलं याला, की कधीपासून माहीत होतं? चेहऱ्यावरून सांगता येईना. तो पळाला नव्हता, एवढं नक्की. पण प्रज्वल पडला होता तो याच्याच हातून.

"प्रज्वलला फोन लाव."

"आधी तुम्हाला खाली तर घेतो."

"आधी फोन. स्पीकरवर. मग मला उतरव."

"ताई, घरी जाऊन शांतपणे सांगतो ना."

"घरी जाईपर्यंत तू काय रचशील, याचा भरवसा नाही."

तेजलताई मध्ये पडल्या नाहीत. अक्षयने नंबर लावला.

"हां, बोल रे," पलीकडून प्रज्वल म्हणाला. "रविवारी कितीला निघायचं?"

अक्षयने वर पाहिलं.

"प्रज्वल," तो म्हणाला, "रविवारचं राहू दे. आधी माझं ऐक."